नऊ ते दहा

लोटनभाऊ गेल्याची बातमी मला एका रिक्षावाल्याने आणून दिली. ती ऐकून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "मग आज रात्री इथे कोण थांबणार?" त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, रिक्षा वळवली आणि निघून गेला. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले, पण त्याचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. मी काही दगड नाही. पण सव्वादहा वाजले होते, नऊला येणारा माणूस अजून आला नव्हता, सकाळी सातची शाळा होती, आणि तासाभरापासून मी मनातल्या मनात लोटनभाऊंना फैलावर घेत बसलो होतो. माणूस मरून पडलाय आणि आपण त्याच्यावर चिडून बसलोय... हे डोक्यात शिरायलाच मला पहाट झाली. त्या रात्रीच्या नऊ ते दहा या तासाबद्दल मला लिहायचं आहे. पण अजून हात धजत नाही, म्हणून आधी माणसाबद्दल लिहितो.

सुरतेत लिंबायतला लूमचं एक बंद पडलेलं खातं, म्हणजे यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. माग भंगारात गेले, जमिनीतले बोल्ट तेवढे राहिले. आमच्या ट्रस्टने ती जागा भाड्याने घेऊन तिथे बेघर कुटुंबांसाठी रात्रीचा निवारा सुरू केला. खोलीमालकाने सामान बाहेर फेकलेली, खाडीच्या पाण्यात झोपडी गेलेली, कोणाच्या तरी भरवशावर खानदेशातून गाडीत बसून आलेली आणि तो 'कोणी' स्टेशनवर न भेटलेली माणसं तिथे येत. जुन्या साड्यांचे आणि न रंगवलेल्या ग्रे कापडाचे पडदे लावून चौदा खण केले होते, एका कुटुंबाला एक खण. संध्याकाळी सहा ते दहा मी, दहा ते सकाळी सहा लोटनभाऊ. त्यांना ट्रस्ट पगार देत असे. मी मराठी शाळेतला मास्तर, मूळचा नगरकडचा, संध्याकाळी मोकळा असायचो, म्हणून फुकट जायचो. आणि हे फुकटपण चारचौघांत दोनदा तरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नसे, हेही इथेच सांगून टाकतो.

लोटनभाऊंची वीस वर्षं मागावर गेली होती. त्या खडखडाटात कान गेले, मग खोकला मागे लागला आणि काम सुटलं. रात्रीच्या राखणीला ट्रस्टने बहिरा माणूस ठेवला म्हणून पहिल्या दिवशी मी हसलो होतो. त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा, की आपली खाट ते दाराला टेकवून टाकायचे. कोणी दार ठोठावलं की खाट हलायची आणि हे उठून बसायचे. दहानंतर दार उघडायचं नाही असा नियम होता, तो त्यांनी माझ्या माहितीत एकदाही पाळला नाही. कोणाचं पोर रात्रभर किरकिरायला लागलं तर आई झोपावी म्हणून त्याला खांद्यावर टाकून ते बोल्ट चुकवत फेऱ्या मारायचे. एका बाईचे दिवस भरत आले होते, तिला पहाटे हातगाडीवर घालून यांनी दवाखान्यात पोचवलं आणि सकाळी मला वहीत लिहायला सांगितलं, खण सहा, एक माणूस वाढला. मी विचारलं, मुलगा की मुलगी? तर ते विचारायचंच राहिलं होतं.

मला मात्र नियम आवडतात. हजेरीपटावर जन्म गेलेला माणूस मी. ट्रस्टचा नियम होता की कुटुंबप्रमुखाचं नाव हवं, रेशनकार्ड किंवा कारखान्याची चिठ्ठी हवी, आणि घरातला पुरुष स्वतः हजर हवा. एकटा पुरुष नको, एकटी बाईही नको. सुरुवातीला एकदोन भानगडी होऊन पोलीस दारात आले होते, म्हणून हा बंदोबस्त.

पहिल्याच वर्षी, पावणेदहाच्या सुमारास एक बाई आली. कडेवर एक मूल, हाताला एक, डोक्यावर गाठोडं. नवरा बमरोलीला रातपाळीवर गेला होता आणि त्याची पाठ वळताच मालकाने सामान रस्त्यावर काढलं होतं. मी नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं, तर तिने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आईही कधी घेत नसे. पण नोंदवही समोर आली की मला रकाने तेवढे दिसतात. नाव नाही, कार्ड नाही, पुरुष नाही. सकाळी नवऱ्याला घेऊन या, असं सांगून मी तिला परत पाठवलं. दहाला लोटनभाऊ आले तेव्हा आज काय काय झालं ते सांगताना मी हेही सांगितलं, जरा ऐटीतच. त्यांनी हातातला डबा टेबलावर ठेवला आणि आल्या पावली सायकल घेऊन निघून गेले. अकरा वाजून गेल्यावर परत आले. कॅरियरवर मोठं पोर, दांडीला गाठोडं, आणि मागून धाकट्याला घेऊन चालत ती बाई. रिक्षा स्टँडच्या शेडखाली बसलेली सापडली होती. त्यांनी तिला खण दिला आणि वहीत नावाच्या जागी लिहिलं, 'नाव सकाळी'. सकाळी नवरा कारखान्यातून सुटून आला, नाव सांगितलं, रकाना भरला. माणसं सुखरूप होती, कोणाला काही झालं नव्हतं, म्हणून मी तो प्रसंग विसरूनही गेलो. लोटनभाऊ मला अवाक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते दहाऐवजी नऊला यायला लागले. घरी करमत नाही, म्हणायचे. मला बरंच वाटलं. बाहेरगावी राहणाऱ्या माणसाला मराठीत दोन शब्द बोलायला कोणी मिळालं तर हवंच असतं. येताना ते कधी कळण्याची भाकरी आणायचे, कधी नुसता ठेचा. आल्याबरोबर, सर तुम्ही चहा घ्या, पेपर वाचा, असं म्हणत वही आणि पेन स्वतःकडे ओढून घ्यायचे. मीही तंगड्या पसरून गावाकडच्या राजकारणावर बोलत बसायचो. त्यांना त्यातलं निम्मं ऐकू जात नसणार. भुसावळकडची गाडी साधारण त्याच वेळी येते, कारखान्यांची पाळी बदलून गेलेली असते, मालक लोकही जेवणं झाली की भाडेकरूंच्या दारात उभे राहतात, त्यामुळे नऊ ते दहा हाच आमच्या दाराशी गर्दीचा तास. लोटनभाऊ कोणाला कार्ड मागत नसत. चूल एक आहे का, एवढंच विचारायचे. एकदा सासू, सून आणि शेजारची एक पोरकी मुलगी अशा तिघी आल्या. यांनी मुलीला विचारलं, तुला भाकरी कोण देतं? तिने सासूकडे बोट केलं. झालं, एक कुटुंब. मी हसून म्हटलं, भाऊ, तुमच्या हिशेबाने अख्खं लिंबायत एक कुटुंब होईल. तेही हसले आणि लिहीत राहिले. शाळेत मी सगळ्यांना सांगायचो, आमचा एक मित्र आहे, निव्वळ माझ्या सोबतीसाठी रोज तासभर आधी कामावर येतो. पाच वर्षं मी हे सांगत होतो.

दिवसकार्यानंतरच्या गंधमुक्तीच्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. पाच वर्षांत कधी गेलो नव्हतो. पाहुणे पांगल्यावर त्यांच्या पत्नी इंदूवहिनी मागच्या अंगणात भांडी लावत होत्या, मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनीच विषय काढला. त्या दिवशी दुपारपासून भाऊंच्या छातीत दुखत होतं. वहिनी म्हणाल्या, दहापर्यंत सर आहेत ना तिथे, मग आज उशिरा जा. त्यावर भाऊ जे बोलले ते त्यांनी मला घरच्या अहिराणीत जसंच्या तसं सांगितलं.

"सर शेतस म्हणीसन तं माले नऊले जानं से."

सर आहेत म्हणूनच मला नऊला जायचंय. मी म्हटलं, हो वहिनी, आमचं फार जमायचं. वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि मान हलवली.

"तसं नही, सर. तुम्ही लोकांना परत पाठवतात ना, म्हणून."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या. त्या रिक्षा स्टँडच्या शेडखाली सापडलेल्या बाईची गोष्ट त्यांना ठाऊक होती, धाकटं पोर त्या रात्री तापाने फणफणलं होतं हेही ठाऊक होतं. मला ते आजवर माहीत नव्हतं. मी कसंबसं विचारलं, मग मला कधी बोलले का नाहीत?

"तुम्ही फुकट येतात, सर. ते म्हणायचे, सरांना राग आला, यायचे बंद झाले, तर सहाला कुलूप कोण उघडेल? नऊपर्यंत काही हरकत नही, नऊपर्यंत जास्त कोणी येत नही."

वहिनींनी चहा दिला, तो मी प्यायलो, निघतो म्हणालो आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की चपला उलट्यासुलट्या घातल्यात. तसाच निवाऱ्यावर गेलो आणि कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. एकेक पान उलटत गेलो. सहा ते नऊ माझं गोल, वळणदार अक्षर. नऊ वाजले की लोटनभाऊंचं मोठं, वाकडं अक्षर. पहिल्या वर्षातले ते सुरुवातीचे दिवस सोडले तर नऊ ते दहा या तासात माझ्या हातची नोंद अगदी चार-दोन ठिकाणी, ते आजारी असतील तेव्हाची. त्या सगळ्या संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसलेलो होतो, चहा पीत होतो, आणि एक माणूस माझ्यापासून त्या दाराची राखण करत होता! मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. तोंडावर चार शिव्या घातल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी रागावलो असतो, आठ दिवस गेलो नसतो, पण परत गेलो असतो... गेलो असतो का? खात्री वाटत नाही. माझा स्वभाव त्यांनी माझ्यापेक्षा नीट ओळखला होता.

शेवटच्या वहीतलं त्या रात्रीचं पानही मी काढलं. तिथे नऊ ते दहामध्ये काहीच लिहिलेलं नाही. त्या तासात कोणी आलं नव्हतं म्हणून जागा कोरी राहिली, असं नाही.

साडेनऊ वाजले असतील. एक म्हातारी दाराशी आली, बरोबर सात-आठ वर्षांच्या दोन मुली. गाडीतून उतरून विचारत विचारत आल्या होत्या. कार्ड नव्हतं, पुरुष नव्हता. मी लोटनभाऊंवर चिडून बसलो होतो, माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. मुलींच्या बापाचं काय झालं ते म्हातारी सांगायला लागली, पण मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. स्टेशनवर बसा, सकाळी या, म्हटलं. धाकटी मुलगी आत पडद्यांकडे बघत होती. म्हातारी "बरं बापू" म्हणाली आणि दोघींना घेऊन वळली. त्या वेळी लोटनभाऊ रेल्वेपुलाखालच्या गरनाळ्याच्या अलीकडे रस्त्यात पडलेले होते, पुलाखालून येणारी-जाणारी माणसं सायकलीभोवती गोळा झाली होती. छातीतली कळ सोसत ते निघाले होते ते या तिघींसाठीच, फक्त त्या कोण हे त्यांना माहीत नव्हतं. पाऊण तासाने रिक्षावाला आला आणि त्या गडबडीत मी त्या तिघींना साफ विसरलो.

सकाळी म्हातारी आली नाही. नंतरही कधी आली नाही. वहिनींकडून आलो त्या दिवसापासून मी शोधतोय. उधना स्टेशनवर रोज जातो, हमालांना विचारलं, चहावाल्यांना विचारलं, पलसाण्याच्या बाजूला बायका कामाला लागतात तिथपर्यंत जाऊन आलो. एक म्हातारी, दोन मुली, अशा किती असतात. माणसं ऐकून घेतात, मदत करावी असं त्यांना वाटतंही, आणि मग सगळे एकच विचारतात, नाव काय म्हातारीचं?

मी विचारलंच नव्हतं.