साहेबांचं जपानी बदक

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी अबू धाबीत एका मराठी उद्योजकाकडे सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या व्हिलात जुन्या जपानी डब्यांचा संग्रह होता. धूप ठेवायच्या, चिनीमातीच्या, मुठीत मावणाऱ्या. कासव, ससा, बदक अशा आकारांच्या.

एके सकाळी फोन आला, बदक गायब. साहेबांचा संशय वसईहून आलेल्या घरकामाच्या बाईवर. संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर पोलिसांत तक्रार करणार होते. म्हणजे तिला कोठडी आणि मग मायदेशी रवानगी.

जागेची पाहणी केली. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली जागेवर. चोर घरचाच होता. बाईची चौकशी केली. खोटं बोलणारे आधी शपथा घेतात, हा माझा अनुभव. ही एवढंच म्हणाली, "सर, माझी रूम बघितली, बॅग बघितली. आता पोलिस बोलवा, खलास. पण माझ्या मुलीला काय सांगू?"

ड्रायव्हरने मला बाजूला घेऊन खबर दिली. मॅडम रोज त्या कपाटासमोर उभ्या राहून एकट्याच बडबडतात म्हणे. पण मालकिणीची झडती घ्यायची कशी? सारं घर धुंडाळून झालं होतं, देवघर तेवढं सोडून. साहेब तिकडे फिरकत नसत आणि घरकामाच्या बाईला तिथे मज्जाव. मी पाय धुऊन नमस्काराला गेलो. कुंकवासाठी बोट पुढे केलं, तर करंड्याच्या जागी बदक, पोटात काठोकाठ कुंकू.

मॅडम दारातच उभ्या होत्या.

"हे पाहुण्यांना सांगतात, जपानात बदक म्हणजे नवरा-बायकोची माया. रोज मखमलीने पुसतात त्याला. माझ्याकडे बघायला वेळ नाही. म्हटलं, माझं कुंकू तरी त्यात राहू दे."

मी विचारलं, त्या बाईला पोलिसांनी नेलं असतं तर? साहेब आल्यावर मॅडमनी स्वतःच सगळं कबूल केलं.

साहेबांनी बदक उचललं, कुंकू बेसिनमध्ये झटकलं आणि कुठे तडा गेलाय का ते खिडकीपाशी निरखू लागले. बायको रडत होती. तिला पाणी आणून दिलं ते घरकामाच्या बाईने.

चोरीमागे लोभ शोधायला खात्याने मला शिकवलं होतं. मत्सर काही विकायला नेत नाही, तो घरातच ठेवतो, हे त्या दिवशी कळलं. साहेब मला शाबासकी देत होते, पण तपास पुरा झाला असं मला आजही म्हणवत नाही. त्यांची वस्तू सापडली. मॅडमची जी हरवली होती, ती शोधा असं मला कुणी सांगितलंच नाही.