मुद्दाम केलेली चूक

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. पण आधी एक ऐकून घ्या — आमच्या मालवण तालुक्यात माझ्याइतकं चांगलं गणित शिकवणारी बाई तुम्हाला सापडायची नाही. निवृत्त झाले तरी हे मी म्हणतेच. नाकावर माशी बसू दिली नाही कधी. मुलं मला घाबरायची, आणि पासही व्हायची.

माझं नाव झालं ते एका पाठामुळे. फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहायचं आणि ते मुलांनी पकडायचं. दुसऱ्या शाळांतले शिक्षक तो पाठ बघायला यायचे. मीही ऐटीत दाखवायचे — का नाही दाखवायचा? पाठ चांगलाच होता.

पण तो सुचला कसा? इथेच माझी जीभ अडते.

आठवीचा वर्ग होता. तपासणीला साहेब आलेले, शेवटच्या बाकावर बसलेले. मी केवलमूल्य शिकवत होते — म्हणजे अधिक-वजा विसरायचं, संख्या शून्यापासून किती लांब आहे तेवढंच बघायचं. फळ्यावर जमीन काढली, ती शून्य. वर चार हातांवर पपई. खाली विहीर, पाणी नऊ हात खोल. जमिनीपासून लांब कोण? शेंबडं पोरही सांगेल. आणि मी खाली लिहिलं — वजा नऊचं केवलमूल्य चारच्या केवलमूल्यापेक्षा लहान. साहेबांमुळे गडबडले असेन — नाही, ते कारण नको. चुकले.

दर्शनानं हात वर केला. या मुलीचा हात कायम वरच असायचा. "बाई, पाणी जास्त लांब आसा."

"वजा संख्या कधी मोठी असते का गो? बस खाली," मी म्हटलं, ते अशा सुरात की वर्ग हसला. मला तो हसायला हवाच होता. ती बसली. कान लालबुंद झाले होते.

"बाई, जरा फळा बघा," साहेब म्हणाले.

मी बघितला. आणि हसले. "मुद्दाम लिहिलंय साहेब. कोण ठाम राहतं ते बघत होते." चोर तो चोर, वर शिरजोर — दुसरं काय म्हणणार? साहेबांनी दर्शनाला विचारलं, खरं का गं? ती उठली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

"होय. आमची परीक्षा बघूक बाई मुद्दाम चुकतत."

साहेब खूश. मीही खूश — आता खोटं कशाला बोलू? त्या दिवशी घरी जाताना मी सुरमई घेतली.

त्यानंतर माझ्या तासाला दर्शनाचा हात वर आला नाही. मीही तिला कधी काही विचारलं नाही. भीती वाटायची — तिची, त्या एवढ्याशा पोरीची. आणि पुढे हा किस्सा सांगताना मी तिला त्यातून काढूनच टाकलं. चूक एकालाही सापडली नाही, शेवटी मीच दाखवली, असं सांगू लागले. किस्सा जास्त रंगायचा.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला ती नांदगावहून आली होती, लेकीला घेऊन. मंडळी म्हणाली, बाई, तो किस्सा होऊन जाऊ दे. समोर दर्शना बसलेली मला दिसत होती. नोकरी संपली होती, खरं सांगितलं असतं तर माझं काय वाकडं होणार होतं? तिच्या डोळ्यांदेखत मी तेच सांगितलं — एकालाही सापडली नाही. टाळ्या पडल्या. मला अभिमान वाटला. हो, वाटला.

मग दोघी पाया पडायला आल्या. लेक आईला विचारत होती, "आये, तुका पण ती चूक गावली नाय?"

"नाय गो," दर्शना म्हणाली. "बाई हुशार. आमका खंय गावतली?"

मी तिच्या लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि म्हटलं, अभ्यास कर हो.