फाट्यावरचं शहर

शहर वसवायला राजा, नदी किंवा तट लागतो, असं समजणाऱ्यांनी आमच्या आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, भेटायला हवं. त्यांना एक पाटी वांगी आणि एक तागडी पुरली. मिरजगावच्या पुढं हमरस्त्याला त्यांच्या गावाचा फाटा आहे. तिथल्या बाभळीखाली मामांनी सलग वर्षभर, दर मंगळवारी, एकट्यानं आठवडे बाजार भरवला.

कारण घरगुती होतं. एकुलता मुलगा पुण्याला गेला आणि "इथं हाय काय?" असं विचारून तिकडंच राहिला. मामांनी वाद घातला नाही. ते नेवाशाला जाऊन प्रवरेकाठचं जुन्या वस्तीचं टेकाड पाहून आले, येताना रांजणाचं एक खापर खिशात घालून. पुढं कंडक्टरला, डॉक्टरला, एकदा तर तेराव्याच्या पंगतीलाही त्यांनी ते खापर दाखवलं. "पोटापुरतं पिकलं की गाव. उरलं की रांजन. रांजन भरला की बाजार. बाजारात माप आलं, मापावरनं भांडान आलं, ते मिटवाया कारभारी आला. झालं शहर! राजा लई मागनं येतो, आयतं बसाया."

संध्याकाळी वांगी घरीच परतत. आत्या म्हणायची, "मंगळवारी वांगं, बुधवारी वांगं. ह्यांचं शहर बसंस्तोवर आमाला देठ फुटंल." तरी एका मंगळवारी तीच कांद्याचं गाठोडं घेऊन शेजारी जाऊन बसली. "एकला बसला तर येडा, दोघं बसली तर बाजार," मामांनी जाहीर केलं. मग मिरचीवाली आली, बांगड्यांचा टेम्पो आला. दोन बायका जागेवरून भांडल्या, त्या दिवशी मामांचा मला नगरला फोन आला. "भांडान झालं! चांगलं तासभर!" मिटवायला ते स्वतः गेले नाहीत, कारभारी आपसूक उगवला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. शेवटी आत्यानंच दोघींना गप्प केलं आणि फाट्याला कारभारी मिळाला.

गेल्या मंगळवारी पुन्हा फोन आला. आत्या पलीकडच्या रांगेत कुणाचा तरी तंटा तोडत होती. इकडं बाभळीखाली एक अनोळखी लसूणवाली बसलेली. जागा आपली आहे, असं मामा म्हणाले.

"बाबा, बाजार काय तुमचा हाय व्हय? सरका तिकडं."

मामा पाटी उचलून सरकले.

"मला कुनी वळखलंच न्हाई," ते सांगत होते. "तुज्या पुन्याच्या भावाला कळव. म्हनावं, शहर झालं."

कळवतो म्हणालो. त्यांच्या आवाजात आनंद होता की आणखी काही, ते खात्रीनं सांगता येणार नाही. मागं बाजाराचा गलका फार होता.