आत्याच्या तळव्यावरचा डाग

आमची आत्या बावीस वर्षं एकाच बेकरीत पावाचं पीठ मळते. नुसता हात लावून पाणी कमी की जास्त ते सांगते. तळव्यांना मात्र कायम घाम. आम्ही चिडवायचो, "आत्या, तू मळायला बसलीस की वेगळं पाणी लागतं तरी का गं?"

गेल्या वर्षी उजव्या तळव्यावर, अंगठ्याखाली, काळपट डाग उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. शाई सांडून वाळल्यासारखा दिसायचा.

बेकरीचा सुपरवायझर रोज सकाळी दारात बॅटरी घेऊन सगळ्यांचे हात उलटेपालटे करून बघतो, म्हणून त्याचं नावच बॅटरी. त्यानं डागावर उजेड मारला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, घरात साबण नाही का?"

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र घरी येऊन मोरीत बसली आणि तारेच्या घासणीनं हात घासत राहिली. सोडा झाला, लिंबू झालं. डाग जागचा हलला नाही, कातडी तेवढी सोलली. दुसऱ्या दिवशी बॅटरी म्हणतो, "जखमेचा हात पिठाला लागता कामा नये." तिला ट्रे धुवायला बसवलं. म्हणजे आधी घासायला लावायचं आणि घासलं म्हणून हाकलायचं! वर मालकाचा निरोप आला, महिनाभरात हात स्वच्छ झाला नाही तर मळायला दुसरी बाई घेऊ.

मी तिला ओढतच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आत शिरताच आत्या म्हणाली, "हात धुते हो मी." अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

बाईंनी पात्यानं डाग हलकेच खरवडला, तो भुगा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. म्हणाल्या, "बुरशी आहे ही. फार क्वचित दिसते. मातीतून येते, घामट हाताला धरते, कातडीच्या अगदी वरच्या थरात राहते. साबणानं जायची नाही. आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही." मलम लिहून दिलं.

आत्या रडायलाच लागली. "म्हणजे मी घाणेरडी नव्हते ना?" हे तिनं विचारावं? आग लागो त्या बॅटरीला!

तीन आठवड्यांत तळवा लख्ख झाला. त्या सकाळी मी मुद्दाम बरोबर गेले. बॅटरीनं हात उलटा केला, सुलटा केला आणि मोठ्यानं म्हणाला, "बघा, नीट घासलं की निघतं की नाही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि त्याच्यावरच रोखली.

"आता तुमचे दाखवा."

त्यानं हात खिशात घातले.

"दाखवा की. पीठ फुगायला अजून वेळ आहे."

शेवटी त्याला हात काढावेच लागले. नखानखांत तंबाखू.

"धुऊन या," आत्या म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.