पलंगावरचं बॉनेट

जवळ सरक गं. पत्रातून का होईना, पण जवळ बस, आधी तुला थोडं रागवायचंय. परवा लग्नाच्या हॉलबाहेर तुझ्या नवऱ्याची गाडी उभी होती आणि तू ओढणीच्या टोकाने तिच्या काळ्या बॉनेटवरची धूळ पुसत होतीस. अगं, कोरड्या धुळीवर कोरडं कापड घासतात का? आधी भरपूर पाणी ओतायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग जुन्या धोतराचं मऊ फडकं. नाहीतर वरच्या काचेसारख्या थरावर केसाएवढे ओरखडे येतात. मी टोकलं तर हसलीस. "मावशी, तुला काय माहीत कार्बन फायबरचं?"

माझ्या पलंगावर महिनाभर झोपलंय ते, बाई.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. तुझे काका तुर्भ्याला एका कारखान्यात टेम्पोंना रंग मारायचे. रोज तोच पांढरा, तोच पिवळा. संध्याकाळी यायचे ते कपड्यांना थिनरचा वास घेऊन, आणि भिंतीला पाठ लावून नुसते बसायचे. चहा निवून जायचा. एकच मनात होतं त्यांच्या, स्वतःचा एक छोटा गाळा घ्यावा आणि चांगल्या गाड्यांचं नाजूक काम करावं. बोलून दाखवायचे नाहीत. मला कळायचं.

वाशीच्या एका हौशी तरुणाने बाहेरदेशातून आलेली लाल स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिला कार्बन फायबरचं बॉनेट बसवलं होतं. उन्हाने त्याचा वरचा थर पिवळट, धुरकट झाला. कुणी हात लावायला तयार होईना. ह्यांनी हो म्हटलं. तो म्हणाला, "मिस्त्री, हे जमलं ना, तर माझे दोन दोस्त आहेत असेच गाड्यांचे वेडे. त्यांच्या गाड्या पण तुमच्याकडेच." झालं. ह्यांच्या डोळ्यांसमोर गाळा उभा राहिला.

दर रविवारी ओळखीच्या एका शेडमध्ये हे कामाला बसायचे. जुना थर पाणी मारून मारून बारीक पॉलिश पेपरने घासला, मग लॅकरचे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक रंगाचे, नवे हात दिले. पण तिकडे खडी फोडायच्या यंत्रांची धूळ. म्हणून लॅकर हाताला चिकटेनासं झालं की बॉनेट जिन्यावरून वर आणायचे आणि पलंगावर, माझ्या मऊ सुती साडीवर ठेवायचे. आम्ही खाली सतरंजीवर. माझी कंबर तेव्हापासूनची आहे, सांगून ठेवते.

मी पहिल्यांदा उचललं ते ताकद लावून, लोखंडी असेल म्हणून. तर सुपासारखं हलकं! आणि वीण काय होती गं त्याची, तिरकी, दाट, काळ्या रेशमासारखी. उजेड फिरला की वीण फिरायची. हे कामावर गेले की ते सांभाळायचं काम माझं. खिडकीतून ऊन आलं की पडदा ओढायचा. फोडणीचा धूर नको म्हणून मधलं दार लावायचं. शेजारीण यायची आणि म्हणायची, "काय गं, सासूबाई झोपल्यात का?" मी म्हणायचे, "सासूबाईंची एवढी सेवा केली असती तर कोल्हापुरी साज मिळाला असता."

खंडेनवमी आली. आम्ही साताऱ्याकडचे, त्या दिवशी हत्यारं पुजतो आणि दसऱ्यापर्यंत हलवत नाही. मी पाटावर ह्यांची स्प्रे गन मांडली, पुट्टी ओढायचे पत्रे, कानशी मांडल्या. मग वाटलं, बॉनेट म्हणजे गाडीचंच अंग की. ओल्या हळदीने त्याच्यावर छान स्वस्तिक काढलं, वर कुंकवाची बोटं, एक झेंडूचं फूल. शेवटचा हात देऊन चारच दिवस झाले होते. संध्याकाळी हे आले, पाहिलं, हात जोडले. म्हणाले, "बरं केलंस."

इतकी वर्षं रंगात गेलेला माणूस, त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा उचलली आणि पुसायला गेले. कुंकू निघालं. हळद निघेना. लॅकर अजून आतून कच्चं होतं, त्याने हळद पिऊन घेतली होती. काळ्या रेशमावर पिवळं स्वस्तिक. गाडीवाला दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता.

हे पलंगाच्या कडेला बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "अहो, कपड्यावरची हळद उन्हात जाते. गच्चीवर नेऊ."

"ऊन लागलं तर सगळंच पिवळं पडतंय ते. त्यासाठी तर एवढं केलं."

"सगळ्याला नाही लावायचं. जिथं हळद तिथंच."

गच्चीवर नेलं. बाकी बॉनेट साड्यांनी झाकलं, स्वस्तिकापुरती जागा उघडी. ऊन सरकलं की साडी सरकवायची. ऑक्टोबरचं ऊन, वर एक मोडकी छत्री, दोघं दोन बाजूंना. बिल्डिंगमधले लोक सोनं द्यायला वर आले, आपट्याची पानं हातात ठेवून आमच्याकडे बघत खाली गेले. जेवणही झालं नाही. दुपार कलताना हळद विटली, मग गेल्यासारखी झाली. पण तिरकं बघितलं की कच्च्या लॅकरवर माझ्या बोटाचा माग दिसायचा. सरळ बघितलं की काही नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. बॉनेटवरून नजर फिरवून खूश. "मिस्त्री, एक नंबर!" मी आत ओट्याशी उभी, मनात म्हटलं, सुटलो. तर ह्यांनीच त्याला बोलावलं. "साहेब, इकडून बघा जरा. पूजेची हळद लागली होती. पंधरा दिवस द्या, परत करतो."

त्याचं तोंड उतरलं. "घरात पूजा कशाला करायची याची?" म्हणाला. बॉनेट उचललं आणि घेऊन गेला. दोस्तांच्या गाड्या काही आल्या नाहीत.

मी चिडले. "कशाला सांगायचं होतं? दिसत नव्हतं त्याला."

"मला दिसत होतं," म्हणाले, आणि डबा मागितला. शिफ्टची वेळ झाली होती. त्यानंतर रिटायर होईपर्यंत टेम्पो. गाळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. पलंग मोकळा झाला, पण किती तरी दिवस आम्ही सवयीने खालीच झोपत होतो.

हळद मी लावली होती गं. त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही, तेच जास्त सलतं.

लग्नाला ते आले नाहीत, आता गुडघे चालत नाहीत आणि डोळ्यांवरही पडदा येतोय. तुझ्या गाडीचं सांगितलं तर म्हणाले, "वीण तिरकी आहे का सरळ?" मला कुठलं आठवायला. तेव्हा पोरी, नवऱ्याला म्हणावं गाडी काढ आणि या दोघं. खाली सावलीत लाव. मी त्यांना धरून उतरवीन, ओलं फडकं त्यांच्या हातात देईन. पुढच्या रविवारीच ये, लांबवू नकोस.