कवा? कुठी? कोन होतं?

कोणी काही सांगायला लागलं की ते शर्टाच्या खिशातून पेन काढायचे, टोपण दातात धरायचे आणि विचारायचे, "कवा? कुठी? कोन होतं?" दर वेळी लिहून घ्यायचेच असं नाही. पण समोर उघडं पेन दिसलं की माणूस जरा सावरून बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. एका स्वातंत्र्यदिनी पाहुणे भाषणात म्हणाले की या शाळेने गरुडझेप घेतली आहे. माझ्या शेजारून हळूच आवाज आला, "कवा?" मी खोकल्याचं निमित्त करून मंडपाबाहेर गेलो.

ते इंग्रजीचे शिक्षक, मी मराठीचा. शाळा गडचिरोलीच्या जंगलातली, निवासी. तिचं नाव सांगत नाही. मुलंमुली बहुतेक गोंड-माडिया, सुट्टीतच घरी जाणारी. मराठीखेरीज माझ्याकडे वसतिगृहाचा हजेरीपट होता, कारण माझं अक्षर चांगलं आहे. हा हजेरीपट लक्षात असू द्या.

ते मूळचे चामोर्शीकडचे. वडील आयुष्यभर धानाच्या बांधीत राबले. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. वडिलांना तो वाचता येत नव्हता, पण ते तो रोज पुसत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

आल्या आल्या त्यांनी आठवीला 'माझे वडील' हा निबंध लिहायला दिला. पंचवीस वह्यांतले पंचवीस वडील सकाळी नऊ वाजता मोटारीने ऑफिसला निघाले. गाइड एकच होतं. त्यांनी सोमारी नावाच्या मुलीला उभं केलं.

"तुया बाप हापिसात जाते?"

"नाई सर. तेंदूपत्ता तोडाले गेला."

"मंग हा कोनाचा बाप होय?"

वर्ग हसला, सोमारीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने जे लिहून आणलं त्यात बापाचे हात पानांनी काळे झालेले होते, आणि तो मोटारीला नाही, अस्वलाला भेटला होता. इंग्रजी मोडकं होतं, पण बाप तिचा होता.

त्या हिवाळ्यात त्यांनी ब्लॉग सुरू केला. शाळेत रेंज नव्हती. मुलं आठवडाभर वह्यांत लिहायची, आणि गुरुवारी ते वह्या पिशवीत घालून मोटारसायकलने आठवडी बाजाराच्या गावी जायचे. तिथे सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या मागे एक कडुनिंब होता, त्याखाली रेंज मिळायची. तिथे बसून ते एकेक पान मोबाइलवर टाइप करायचे, चुकांसकट. परत आलेल्या वह्यांना शुक्रवारभर मासळीचा वास असायचा.

चुकांसकट, हा त्यांचा नियम होता. पुढे चूक कळली तरी ती पुसायची नाही. तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि खाली बरोबर ते लिहायचं. ब्लॉगवरही तसंच, सगळीकडे रेघाच रेघा. हे काही बरं दिसत नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "भाऊ, पुसून टाकलं तं आपुन चुकलो होतो हे कोनाले समजन?"

वाचणारे फार नव्हते. कुठल्याशा शहरातल्या एक निवृत्त बाई मात्र नेमाने अभिप्राय लिहायच्या. सोमारीने मोहफुलं वेचण्यावर लिहिलं, तेव्हा त्यांनी विचारलं, इतक्या सकाळी जंगलात भीती नाही वाटत? सोमारीने पुढच्या गुरुवारी उत्तर धाडलं: वाटते, पण उशीर केला तर फुलं अस्वल खाते.

मग ही कीर्ती वर पोचली. एक साहेब ब्लॉगचं उद्घाटन करायला आले. ब्लॉग तेव्हा एक वर्षाचा झाला होता. लॅपटॉपला लाल रिबीन बांधली होती. ती कापली, नारळ फोडला. पडद्यावर काही आलं नाही, कारण रेंज बाजारात होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या फलकावर 'डिजिटल झेप' असं लिहिलं होतं; आमच्या शाळेला झेपेखेरीज दुसरी चाल माहीत नव्हती. साहेब मुलांना म्हणाले की घाबरू नका, डोळ्यांना दिसेल ते निर्भयपणे लिहा. सोमारीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात जैनीला ताप आला. जैनी सातवीतली, वसतिगृहात सोमारीच्या शेजारच्या खाटेवर झोपणारी. शुक्रवारी ताप आला, गोळी दिली. शनिवारी ताप होता, गोळी दिली. रविवारी ती बरळायला लागली. नाल्यावर पाणी होतं, त्यामुळे पलीकडे गाडी बोलवायला हवी होती. ती दुसऱ्याने बोलावली असेल असं आम्ही प्रत्येकाने धरून चाललो. सोमवारी सकाळी तिला खाटेसकट उचलून नाला ओलांडला. खाटेचा एक खूर इंग्रजीच्या सरांच्या खांद्यावर होता. मी छत्री धरली होती. दवाखाना यायच्या आत ती गेली.

दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, निवृत्तीला आठ महिने उरलेले गृहस्थ होते. जैनी शुक्रवारपासून रजेवर, घरी होती, एवढंच लिहायचं होतं. "तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. खाडाखोड दिसू नये म्हणून मी जुनं पान काढलं, नवं लावलं आणि अख्खा महिना पुन्हा लिहिला. फार सुबक लिहिला.

बुधवारी सोमारीने वही दिली. पानावर मथळा होता 'जैनी'. शुक्रवारी कोण कुठे होतं, गोळी कोणी दिली, रविवारी जैनी आईला हाका मारत होती तेव्हा दाराशी कोण उभं होतं, सगळं होतं. दुःख हा शब्द कुठेच नव्हता. शेवटची ओळ अशी होती: तिची खाट अजून माझ्या शेजारी आहे.

ते वही घेऊन माझ्याकडे आले. "काय करू भाऊ?" त्यांनी मला काही विचारावं असं पहिल्यांदाच घडत होतं. पोरीचं दहावीचं वर्ष आहे, राहू द्या, मी म्हटलं. तो सल्ला तिच्यासाठी होता की माझ्यासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सोमारीला बोलावलं आणि निदान नावं गाळू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "तुमीच तं म्हनता सर, कोन होतं ते लिव्हा."

गुरुवारी ते बाजाराला गेले.

तीन आठवड्यांनी चौकशी समिती आली. रिबीन कापणारे साहेबच अध्यक्ष होते. त्यांच्यापुढे ब्लॉगचं छापलेलं पान होतं आणि शेजारी माझा हजेरीपट उघडा होता. हजेरीपटात जैनी घरी होती, म्हणजे पान खोटं होतं, म्हणजे शाळेची बदनामी झाली होती. आता बदनामी करणारा तेवढा हवा होता. सोमारीला आत बोलावलं. हे तू लिहिलं असशील तर तुझं नाव शाळेतून कमी करावं लागेल, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. तिने बोलायला तोंड उघडलं.

"तिले इतकं इंग्रजी येत नाई, साहेब," सर म्हणाले. "मी लिव्हलं."

साहेबांनी विचारलं, कधी लिहिलं? कुठे? सोबत कोण होतं?

"गुरुवारी. बाजारात. मी एकटाच."

मी सोमारीकडे पाहिलं. दहावीतून काढून टाकण्याच्या धमकीने न हललेली ती मुलगी 'इतकं इंग्रजी येत नाई' या एका वाक्याने खाली बघायला लागली. सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटाकडे पाहत होतो.

मजकूर खोटा आहे असं लिहून द्या, विषय मिटेल, असं त्यांना सुचवण्यात आलं. ते म्हणाले, लिहिणारा मी, एवढं लिहून देतो. खोटं आहे हे नाही. त्यांना निलंबित केलं. ब्लॉग त्याच आठवड्यात पुसला गेला. एकही रेघ न मारता, साफ.

ते निघाले त्या दिवशी बरीच मुलं फाटकाशी आली होती. सोमारी नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मोटारसायकलला किक मारली आणि गेले.

प्रकरण रेंगाळलं. दीड वर्षाने ते चामोर्शीला घरीच वारले, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन. निकाल त्यानंतर आला. 'संबंधित कर्मचारी मयत असल्याने प्रकरण बंद.' त्यांच्याबद्दलचा कागद उशिरा निघण्याची ही काही पहिली वेळ नव्हती, पण हा मी पाठ केला.

मीही आता निवृत्त झालो आहे. मागच्या महिन्यात सोमारी घरी आली. गडचिरोलीला नर्सिंग शिकते. चहा घेतला नाही. सरांशी पुन्हा कधी बोलणं झालं का, मी विचारलं.

"नाई. मले वाटे, त्याहीले माही लाज वाटली. ते माह्यासाठी तसं बोलून राह्यले होते हे मले लई उशिरा समजलं गुरुजी. तवा ते नव्हते."

मग तिने पर्समधून पेन काढलं. टोपण दातात धरलं. ती सवय कुठून आली हे तिला माहीत असावं असं मला वाटत नाही.

"जैनी शुक्रवारी कुठी होती?"

मी सांगू लागलो. तिने मान हलवली आणि पेन, कागद माझ्यापुढे सरकवला. "बोलू नोका. लिव्हा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी आधी लिहिलं: रजेवर, घरी. त्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: वसतिगृहात, खिडकीकडून तिसऱ्या खाटेवर, शुक्रवार ते सोमवार सकाळ. अक्षर काही फार चांगलं आलं नाही.

तिने वाचलं आणि कागद परत माझ्याकडे केला. "कोन होतं?"

मी आम्हा सगळ्यांची नावं लिहिली. पहिलं माझं.