चिनी ड्रॅगन बाबांच्या हातात

न्यूझीलंडमधली जुनी, जड नाणी जाऊन हलकी, छोटी नाणी आली, त्या वर्षी आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात आले होते. बाबांना नाण्यांचा नाद कॉलेजपासूनचा. आल्या आल्या त्यांनी कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याशी, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानदाराशी, दोस्ती केली आणि तो जुनी पाच सेंटची नाणी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागला.

"इथे येऊनही चिल्लरच गोळा करा," आई म्हणायची.

एका सकाळी बाबा पेपर नाचवतच स्वयंपाकघरात आले. ऑकलंडमधल्या एका लिलावात चीनच्या बादशाही काळातलं चांदीचं नमुना नाणं विकायला आलं होतं आणि आधी ते दोन दिवस लोकांना बघता येणार होतं.

"नवं नाणं काढायचं ठरलं की टाकसाळ आधी नमुन्यापुरती थोडी पाडते," बाबा मला सांगू लागले. "ती दरबारात दाखवायची. पसंत पडली तर पुढे भरपूर पाडायची. हे पसंतच पडलं नाही, म्हणून जगात मोजकीच उरलीत. मी फक्त पुस्तकात फोटो पाहिलाय, तोही काळा-पांढरा."

"म्हणजे नापास झालेलं नाणं," आई कणीक मळता मळता म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी माउंट वेलिंग्टन भागातल्या ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन आले, तेव्हा तीच आधी तयार होऊन बसली होती. बाबांनी माझ्या लग्नातला कोट घातला होता.

लिलावघरात काउंटरवरच्या बाईंनी हसून विचारलं, "तुम्ही बोली लावणार आहात का?"

मला वाटलं, आता बाबा काहीतरी गुळमुळीत बोलतील. पण ते सरळ म्हणाले, "नाही मॅडम. मला फक्त बघायचंय. खूप वर्षांपासून बघायचंय."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "स्वीट अ‍ॅज," त्या इथल्या बोलीत 'काही हरकत नाही' अशा अर्थाने म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली. बाबा बसलेच नाहीत. आधी हात धुवायला गेले. परत आल्यावर त्यांनी ते नाणं मखमलीच्या तुकड्यावरून दोन बोटांनी कडेला धरून उचललं. खिडकीतला उजेड पडला आणि ड्रॅगनचा खवला न् खवला चमकला. बाबा ते उजेडात हळूहळू फिरवत राहिले.

शेजारी एक चिनी आजोबा आपल्या मुलीबरोबर वाट बघत उभे होते. बाबांनी नाणं उलटं केलं, त्यावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं आणि आजोबांना जागा करून दिली. आजोबांनी एकेक अक्षर उजवीकडून डावीकडे मोठ्याने वाचलं. बाबांनी मागोमाग म्हटलं. चुकलं. आजोबांनी पुन्हा म्हटलं. एरवी बाबांचं इंग्रजी उत्तम, पण आनंदाच्या भरात ते मराठीतच सुरू झाले. मग बाबांचं मराठी मी इंग्रजीत करायची, आजोबांची मुलगी ते चिनीत करायची आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं.

एवढ्यात बाबांनी नाणं पुन्हा ड्रॅगनच्या बाजूला फिरवलं आणि आई तिथलं भिंग घेऊन वाकली. "अहो, हा ड्रॅगन चिडलेला नाहीये. हसतोय!"

ते वाक्य आमच्या दोघींमधून आजोबांपर्यंत पोहोचलं. त्यांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांचं म्हणणं त्यांच्या मुलीला हसू आवरून सांगताच येईना. शेवटी तिने सांगितलं, "माझे बाबा म्हणतात, म्हणूनच दरबाराला पटला नसेल. बादशहाचा ड्रॅगन असा हसतो का कधी?"

आई इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला. काउंटरवरच्या बाईंनीही भिंगातून बघून घेतलं.

नाणं कुणीतरी फोनवरून बोली लावून नेलं. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. आजोबा न्यू लिनला राहायचे. पुढच्याच रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, आईसाठी बिनमांसाचे डंपलिंग मुद्दाम वेगळ्या भांड्यात उकडले. जेवण झाल्यावर दोघे म्हातारे आपापले नाण्यांचे डबे घेऊन गालिच्यावर मांडी घालून बसले. बाबांनी नागमोडी कडेचं आपलं दोन पैशांचं नाणं दिलं, आजोबांनी मधोमध चौकोनी भोक असलेलं तांब्याचं. आम्हा मुलींना आता भाषांतराला कुणी बोलावतही नव्हतं. एक मराठीत बोलत होता, दुसरा चिनीत, आणि दोघांचं मस्त चाललं होतं.